बाप गाण्यात येईपर्यंत : ब्रूस स्प्रिंगस्टीनचे पहिले चार अल्बम

एखाद्या कलावंताच्या आरंभीच्या कृतींविषयी बोलताना रसिकांचे सहसा दोन तट पडतात. एकाला वाटते, पहिला बहर तोच खरा. पुढे आले ते सवयीचे आणि बाजाराचे. दुसऱ्याला वाटते, आरंभीची निर्मिती म्हणजे उमेदवारी. तिचे कौतुक करावे, पण तिला तराजूत घालू नये. अमेरिकेतील रॉक-गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याच्या पहिल्या अल्बमविषयीचा वाद अनेक वर्षे असाच चालू आहे. आमच्या घरीही तो चालतो. माझ्या भाच्याच्या मते १९७५ चा ‘बॉर्न टु रन’ हाच खरा स्प्रिंगस्टीन. “मामा, त्याआधीचे दोन म्हणजे नुसती बडबड, आणि त्यानंतरचा म्हणजे नुसता काळोख!” असे तो ठणकावून सांगतो. मला त्याचे म्हणणे निम्मेही पटत नाही. का पटत नाही, ते जरा सविस्तर मांडतो.

स्प्रिंगस्टीनचा जन्म १९४९ चा. न्यू जर्सी राज्यातील फ्रीहोल्ड या कारखान्यांच्या गावात, एका कॅथलिक कुटुंबात तो वाढला. आई इटालियन वंशाची. एका वकिलाच्या कचेरीत काम करून तिने संसार सांभाळला. वडिलांनी गालिच्यांच्या गिरणीत काम केले, बस चालवली, तुरुंगात रक्षकाची नोकरी केली. पण कुठेच ते स्थिरावले नाहीत. ते अबोल होते, मनाने आजारी होते. रात्री स्वयंपाकघरातला दिवा मालवून ते अंधारात बसून राहत, अशी आठवण मुलाने पुढे मंचावरून आणि आत्मचरित्रातूनही सांगितली आहे. मुलगा धर्मग्रामाच्या शाळेत शिकला. तिथल्या शिस्तीशी त्याचे कधी जमले नाही. हे घर आणि ही शाळा ध्यानात ठेवूनच त्याचे अल्बम ऐकावेत, असे मला वाटते.

जानेवारी १९७३ मध्ये त्याचा ‘ग्रीटिंग्ज फ्रॉम ॲसबरी पार्क, एन. जे.’ हा पहिला अल्बम आला. बॉब डिलनला ज्या जॉन हॅमंड यांनी कोलंबिया कंपनीत आणले, त्यांनीच स्प्रिंगस्टीनलाही आणले. त्यामुळे कंपनीने ‘नवा डिलन’ म्हणून त्याचा गाजावाजा केला. अल्बम मात्र फारसा खपला नाही. यातील नऊ गाण्यांत शब्दांचा नुसता पूर लोटला आहे. यमकांचा कोश जवळ ठेवून आपण ही गाणी लिहिली, असे कवीने स्वतःच पुढे मोकळेपणाने सांगितले. भाचा बडबड म्हणतो ती हीच. परंतु ‘ब्लाइंडेड बाय द लाइट’ हे यातले सर्वांत वाचाळ गाणे मॅनफ्रेड मॅन्स अर्थ बँड या इंग्लिश वाद्यवृंदाने निराळ्या थाटात गायले, आणि १९७७ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. याचा अर्थ शब्दांच्या त्या झुडपाखाली सुंदर चाल दडलेली होती. तिला वाट करून देण्याचा संयम तेवढा कवीपाशी नव्हता.

या अल्बमवर माझा खरा आक्षेप वेगळा आहे. ‘लॉस्ट इन द फ्लड’ या गाण्यात धर्मभगिनींविषयी एक उच्छृंखल चित्र येते. श्रद्धावंत वाचकाला ते खटकेल. मला खटकते ते त्याच्या स्वस्तपणामुळे. शाळेत छडी खाल्लेल्या मुलाने घंटा झाल्यावर फळ्यावर काढलेल्या व्यंगचित्रासारखे ते आहे. त्यात राग असला, तरी त्या रागाची किंमत कवीने मोजलेली नाही.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात आलेला ‘द वाइल्ड, द इनोसंट अँड द ई स्ट्रीट शफल’ हा दुसरा अल्बम माझ्या मते सर्वांत उपेक्षित आहे. यात गाणी सातच, पण ऐसपैस. दुसऱ्या बाजूला तर अवघी तीन गाणी मावली आहेत. डेव्हिड सँशस या तरुण पियानोवादकामुळे रॉकच्या अंगणात जॅझचे वारे खेळते. मुख्य म्हणजे इथे कवी स्वतःकडे पाहणे थांबवून माणसांकडे पाहू लागतो. समुद्रकाठच्या लाकडी पदपथावरची उन्हाळी गर्दी, सर्कशीचा उठणारा तळ, शहराच्या गल्लीत वाट चुकलेली पोरे, या साऱ्यांवर त्याचा जीव आहे. तो कुणाचा न्याय करत नाही. ‘रोझलिटा’ या गाण्यातील आनंद इतका निर्भेळ आहे, की १९७८ च्या दौऱ्यात नवी गंभीर गाणी गाऊन झाल्यावरही तो हे गाणे हमखास गात असे. ज्या कृतीला कलावंत स्वतः टाकून देत नाही, तिला आपण उमेदवारी म्हणून बाजूला सारू नये.

एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. ‘रोझलिटा’मध्ये बाप आहे, पण तो मुलीचा बाप, दाराला लावलेल्या कुलुपासारखा विनोदी अडथळा. ज्याच्याशी बोलायचे आहे, तो बाप अद्याप गाण्यात आलेला नाही.

ऑगस्ट १९७५ मध्ये आलेला ‘बॉर्न टु रन’ निर्विवाद थोर आहे. नुसते शीर्षकगीत ध्वनिमुद्रित करायला सुमारे सहा महिने लागले. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरच्या ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन्ही साप्ताहिकांच्या मुखपृष्ठांवर त्याची छबी झळकली. फिल स्पेक्टरच्या भव्य, थरावर थर चढवलेल्या ध्वनीचा आदर्श समोर ठेवून एकेक गाणे रचले आहे. यातील आठही गाणी एका दमात ऐकवतात. मोटार, रस्ता, रात्र आणि गाव मागे टाकण्याची ओढ. भाच्याला हे आवडते यात नवल नाही. त्या वयात कुणाला गाव मागे टाकावेसे वाटत नाही?

परंतु इथे एक विसंगती आहे. प्रत्यक्षात स्प्रिंगस्टीनच्या घरी गाव सोडून गेले ते आईवडील. १९६९ मध्ये ते धाकट्या मुलीला घेऊन कॅलिफोर्नियाला निघून गेले. एकोणीस वर्षांचा ब्रूस मागेच राहिला. पळून जाण्याचे एवढे मोठे काव्य मागे राहिलेल्या मुलाने रचले! ‘बॉर्न टु रन’चे सौंदर्य स्वप्नाचे आहे, आणि त्याची मर्यादाही तीच. गाडी सुरू होते, पण ती कुठे पोहोचते आणि मागे कोण राहते, हा प्रश्न अल्बम विचारत नाही.

त्याचे उत्तर यायला तीन वर्षे लागली. व्यवस्थापकाशी न्यायालयीन तंटा झाल्याने मध्यंतरी त्याला ध्वनिमुद्रणही करता येईना. जून १९७८ मध्ये ‘डार्कनेस ऑन द एज ऑफ टाउन’ आला तेव्हा शब्दांचा पूर ओसरला होता. अल्बमसाठी तयार केलेली कितीतरी चांगली गाणी त्याने बाजूला ठेवली. त्यांतली बरीचशी २०१० मध्ये ‘द प्रॉमिस’ या संचातून बाहेर आली. जी दहा राहिली, त्यांत कुणी गाव सोडून जात नाही. माणसे तिथेच राहतात, कामावर जातात, थकतात.

आणि इथे बाप येतो. ‘ॲडम रेझ्ड अ केन’मध्ये आदाम आणि काइन यांची कथा मुलगा स्वतःच्या घराला लावतो, बापाचा संताप वारसा म्हणून आपल्या रक्तात उतरला आहे, हे तो ओरडून कबूल करतो. पाच वर्षांपूर्वी पवित्र गोष्टींची टवाळी करणारा हाच मुलगा आता पवित्र शास्त्राकडे स्वतःला समजून घेण्यासाठी वळला आहे. ‘फॅक्टरी’ हे गाणे तर जेमतेम सव्वादोन मिनिटांचे. पहाटे कामावर निघालेला बाप आणि त्याला पाहणारा मुलगा, एवढेच त्यात आहे. यमकांचा कोश मिटला आहे. ‘आपल्या आईबापांचा सन्मान कर’ ही चौथी आज्ञा आपण लहानपणी पाठ करतो. पण ज्या बापाने मायेचा शब्द दिला नाही, त्याचा सन्मान कसा करायचा? माझ्या मते ‘फॅक्टरी’ हे त्याचे एक उत्तर आहे : आधी त्याच्याकडे नीट पाहायचे. पहिल्या अल्बमपासून या गाण्यापर्यंतचे अंतर मी मोजतो ते या पाहण्यावरून; शब्दसंख्येवरून नव्हे.

म्हणून ‘डार्कनेस’ला मी या चारांत पहिले स्थान देतो. त्यात काही हरवले हेही खरे. ‘रोझलिटा’चे हसू इथे नाही, वाद्यांची मुक्त मौज नाही, आणि काही गाण्यांचा ताण असा आहे, की एखादी खिडकी उघडावी असे वाटते. त्या हरवलेल्या हसण्यासाठी दुसरे स्थान ‘द वाइल्ड’ला, ‘बॉर्न टु रन’ तिसरा. हा क्रम भाच्याला मान्य होणार नाही, हे मी जाणून आहे.

१९९० मध्ये स्प्रिंगस्टीनला पहिले अपत्य व्हायच्या थोडे दिवस आधी त्याचे वडील कॅलिफोर्नियातील आपल्या गावाहून शेकडो मैल मोटार हाकीत, अगोदर न कळवता, लॉस एंजेलिसला त्याच्या दारी आले. आपण मुलाशी चांगले वागलो नाही, एवढे त्यांनी आपल्या परीने बोलून दाखवले. न्यूयॉर्कच्या रंगमंचावर ही हकीकत मुलाने पुढे रात्रीमागून रात्री सांगितली. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात परतून येतो तो मुलगा. इथे वाट तुडवत आला तो बाप. तोवर ‘फॅक्टरी’ येऊन बारा वर्षे झाली होती. पुढच्या खेपेस भाचा आला, की ‘बॉर्न टु रन’ लावण्याआधी ती सव्वादोन मिनिटे त्याला ऐकवणार आहे.