भास्कर पांडुरंगांची आठ पत्रे आणि प्रबोधनाची अपुरी व्याख्या

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठी प्रबोधनाचे विवेचन सामान्यतः ‘दर्पण’ (१८३२) पासून ‘शतपत्रे’ (१८४८) पर्यंत येते व त्यास समाजसुधारणेचा इतिहास म्हटले जाते. राजकीय असंतोष जणू पुढील पिढीचाच! प्रस्तुत लेखकास ही मांडणी अपुरी वाटते.

आचोळ्यानजीकच्या वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने तैनाती फौजेचा तह स्वीकारला. याच वसई परिसरातील तर्खड हे ज्यांचे मूळ गाव, त्या घराण्यातील भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी १८४१ मध्ये ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये ‘एक हिंदू’ या नावाने आठ इंग्रजी पत्रे लिहिली. पेंढाऱ्यांपासून रक्षण केल्याचे श्रेय इंग्रज घेत. त्यावर तर्खडकरांचे उत्तर असे, की पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्यांपेक्षा इंग्रजांच्या व्यापारपद्धतीनेच आमचे खिसे अधिक रिकामे केले. तुलनेत अतिशयोक्ती आहे खरी; परंतु लूट कायद्याच्या व व्यापाराच्या वाटेनेही होते, हे आकलन दादाभाईंच्या १८६७ मधील मांडणीच्या सव्वीस वर्षे आधीचे आहे. इंग्लंडमध्ये १८३२ च्या कायद्याने मताधिकार विस्तारला होता. ज्या उदारमतवादाचा तेथे गौरव झाला, त्याच्याच कसोटीवर येथील राजवट तपासली गेली.

लोकहितवादी इंग्रजी राज्यास ईश्वरी योजना मानतात व दोष प्रामुख्याने स्वकीयांत शोधतात. त्यांची पत्रे मराठीत असल्याने अभ्यासक्रमात स्थिरावली. तर्खडकरांची पत्रे इंग्रजीत असल्याने मराठी वाङ्मयेतिहासाच्या कक्षेबाहेर राहिली. त्यांचे धाकटेपण असे भाषेने ठरले, विचाराने नव्हे.