भीती, भरवसा आणि माळवद

भूकंपावरील आपल्याकडचे बरेचसे लेखन ‘निसर्गाचा कोप’ या शब्दांपाशी येऊन थांबते. कोप म्हटला की जबाबदारी संपते. माणसाला कशाची भीती वाटली आणि कशाची वाटली नाही, हा प्रश्न विचारलाच जात नाही. घरातला पहिला पदवीधर आणि याच जिल्ह्यातला शिक्षक म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात हजारो माणसे घरांखाली दबून मेली. किल्लारीप्रमाणे आमच्या जिल्ह्यातले सास्तूरही उद्ध्वस्त झाले. मातीत रचलेल्या दगडी रुंद भिंती, वर लाकूड, त्यावर मातीचा जाड थर : हे माळवद. पण माळवद म्हणजे प्रतिष्ठा. रुंद भिंतीचा भरवसा वाटे, आणि भरवसा वाटला की मन धोक्याचा हिशेब करीत नाही. १९९२ मध्ये किल्लारी परिसरात लहान धक्के बसले होते. ते थांबले तशी भीती ओसरली, भिंती तशाच राहिल्या. ज्यांना दगड-लाकूड परवडले नाही त्यांची हलकी छपरे तुलनेने तगली. पण छपरात राहणे ही लाज होती. लाजेच्या वस्तूत सुरक्षितता कोण पाहणार?

भूकंपानंतर भावना उलटली. दगड म्हणजे मरण ठरले, सिमेंटचेच घर हवेसे झाले. वास्तविक दोष दगडाचा नव्हता. मातीच्या जोडणीचा, भिंतीचे दोन्ही पदर बांधणारे आडवे दगड नसण्याचा होता. तरी या भीतीला अडाणीपणा म्हणणे मला मान्य नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोव्हिक यांनी १९८७ मध्ये मांडले की सामान्य माणूस धोका केवळ मृतांच्या आकड्यावरून जोखत नाही. धास्ती आणि अनोळखीपणाही त्यात मोजतो. आपण पुढचा प्रश्न विचारला पाहिजे : ही धास्ती, हा भरवसा घडवतो कोण? आपल्या गावात तो प्रतिष्ठेच्या उतरंडीने घडवला.

पुनर्वसनातही ती उतरंड टिकली. स्थलांतरित गावांत भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फुटांचे घर, सात हेक्टरांपर्यंत ४०० चे, त्यावर ७५० चे. भीती सर्वांची सारखी; निवारा मात्र सातबारा पाहून.

दलित आत्मकथनांनी गावकुसाबाहेरच्या भीतीची सामाजिक कारणे उघडी केली. समीक्षेने तीच नजर आता गावकुसाच्या आतल्या भरवशावरही रोखली पाहिजे. कारण भीतीइतकाच खोटा भरवसाही माणसे मारतो.