वांग्याला लेबल कुठे लावणार?

९ फेब्रुवारी २०१० ला तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली. त्याआधी सात शहरांत जनसुनावण्या झाल्या, आपल्याकडची नागपूरला. लोकांना विचारलं हे चांगलंच. पण 'यातून ग्राहकाची निवड जपली गेली' असं थिसिसमध्ये लिहिण्याआधी जरा थांबा.

१ जानेवारी २०१३ पासून जनुकीय बदल केलेल्या अन्नाच्या पाकिटावर 'जीएम' अक्षरं हवीत. म्हणजे नियम पाकिटाचा. पिंप्राळ्याच्या बाजारात भरताची वांगी सुटी मिळतात (जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकनही आहे बरं). त्यांना लेबल कुठे चिकटवणार?

सरकीचं बघा. बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली ती कापसाचं पीक म्हणून. पण सरकीचं तेल माणसं खातात, पेंड गुरं. रिफाइंड तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, हा युक्तिवाद विज्ञान म्हणून ठीक आहे. मात्र 'सुरक्षित आहे का?' आणि 'मला सांगितलं का?' हे दोन वेगळे प्रश्न. आपण पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला देऊन मोकळे होतो.

शेतकऱ्याचं तर विचारूच नका. बीटीच्या पाकिटासोबत बिगर-बीटीची छोटी पुडी यायची, पण ती बोंडअळीत प्रतिकार वाढू नये म्हणून कडेने लावायला. तिला निवड कशी म्हणायची? म्हणून प्रश्नावलीत 'कोणतं बियाणं आवडतं?' विचारण्याआधी 'दुकानात दुसरं होतं का?' एवढं विचारा.