धानाच्या बांधीतला रंगमंच

‘नाट्यगृहे उघडली’ ही बातमी करोनाच्या काळात महाराष्ट्रात दोनदा छापून आली. पहिल्यांदा नोव्हेंबर 2020 मध्ये आणि दुसरी लाट ओसरल्यावर 22 ऑक्टोबर 2021 रोजी. अट दोन्ही वेळा तीच होती, 50 टक्के आसनक्षमता. पुण्यात आणि मुंबईत एका आड एक खुर्चीवर फुल्या मारल्या गेल्या, पडदा वर गेला आणि प्रेक्षकांचे डोळे भरून आले. त्या आनंदाचे मोल मी कमी लेखत नाही. पण लांजीच्या आसपासच्या गावांत रात्रभर नाटक बघणाऱ्या माणसाला ही बातमी आपली वाटण्यासारखी नव्हती. त्याच्या नाट्यगृहाला दार नसते, कुलूप नसते आणि मोजता येतील अशा खुर्च्याही बहुधा नसतात. धान कापून झाले की मोकळ्या झालेल्या बांधीत किंवा गावच्या आखरावर ते दर साल नव्याने उभे राहते.

लांजी बालाघाट जिल्ह्याच्या दक्षिणेला, गोंदियाच्या आमगावकडून येणाऱ्या रस्त्यावर आहे. किल्ला आणि कोटेश्वराचे देऊळ यांमुळे हे गाव बाहेरच्यांना ठाऊक असते. भोसल्यांच्या राज्यात हा मुलूख नागपूरला जोडलेला होता आणि इंग्रजी अमलाच्या आरंभी भंडारा जिल्ह्याचा कारभारही काही काळ लांजीहूनच चाले. 1956 मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. नकाशावर रेघ पडली, तरी घरात पोवारी, बाजारात हिंदी आणि नाटकात मराठी हा क्रम मोडला नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीचा विचार करताना बालाघाटचा हा कोपरा बाजूला ठेवणे म्हणूनच चुकीचे आहे. दंडार आणि खडी गंमत हे लोककलाप्रकार आणि नाटक, या तिन्हींचा प्रेक्षक रेघेच्या दोन्हीकडे एकच आहे.

या रंगभूमीचे अर्थकारण समजून घेतल्याशिवाय टाळेबंदीने तिचे काय केले ते कळत नाही. नाटक कंपन्यांचे मुख्य ठाणे गडचिरोली जिल्ह्यातले वडसा, म्हणजे देसाईगंज. हंगामाआधी गावोगावची मंडळे तिथे जाऊन नाटक ठरवतात आणि तारीख बांधून घेतात. ही तारीख बहुधा गावच्या मंडईला, म्हणजे जत्रेला, किंवा शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला जोडलेली असते. भाऊबीज झाली की मंडया सुरू होतात, लेकी माहेरी येतात, सोयरे गोळा होतात. दिवसा मंडईत दंडार आणि खडी गंमत, रात्री जेवणे आटोपली की नाटक. ते सुरू व्हायला दहा वाजतात आणि संपता संपता पहाट होते. तिकिटाच्या पैशातून कंपनीचे देणे फेडून जे उरेल ते मंडळ गावाच्या कामाला लावते. शहरातला निर्माता ज्या जोखमीला घाबरतो, ती इथे आख्खे गाव दरवर्षी उचलते, आणि तीही पीक हाती आल्यावरच.

अशा हंगामाला कोणत्या बंधनाने सर्वांत जास्त मारले? माझ्या मते रात्रीच्या संचारबंदीने. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली तेव्हा होळी होऊन गेली होती. त्या सालचा हंगाम जवळजवळ पदरात पडलेला होता. नंतरच्या दिवाळीला मात्र तारखा बांधायची हिंमत फार थोड्या मंडळांना झाली. 20 मार्च 2021 पासून मध्य प्रदेशाने महाराष्ट्राशी चालणारी बससेवा थांबवली आणि ती मुदत पुढे वाढत गेली. मग 17 नोव्हेंबर 2021 रोजी भोपाळने सगळी बंधने उठवल्याचे जाहीर केले. दिवाळी नुकतीच झाली होती, धान निघत होते, मंडया उभ्या राहू लागल्या होत्या. हंगाम हाती लागतोय असे वाटत असतानाच 23 डिसेंबरला रात्री 11 ते पहाटे 5 अशी संचारबंदी मध्य प्रदेशात परत लागू झाली, आणि 10 जानेवारी 2022 पासून महाराष्ट्रातही तेच तास बंद झाले. सरकारी हिशेबात हे सहा तास निजायचे होते. झाडीपट्टीच्या नाटकाचे ते जवळजवळ सगळे तास होते. शहरात सातचा प्रयोग साडेपाचला घेता येतो. इथे संध्याकाळी साडेपाचला चुली पेटायच्या असतात, गुरे बांधायची असतात आणि बघायला येणारा माणूस अजून शेतात असतो.

पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचीही जागा मंडपाचीच. 2020 आणि 2021 अशी दोन वर्षे तो होऊ शकला नाही आणि डिसेंबर 2022 मध्ये मुकुंदनगरच्या मैदानावर पुन्हा भरला. त्याच्यामागे मोठी संस्था आणि देशभर पसरलेले श्रोते होते, त्यामुळे दोन वर्षांचा खंड तो सोसू शकला. लांजीकडच्या मंडळाकडे साठवलेला निधी नसतो. एका वर्षाच्या तिकिटांतून पुढच्या वर्षाचे धैर्य येते. दोन दिवाळ्या कोरड्या गेल्या की मंडळातली जुनी माणसे मागे सरतात आणि नाटक कसे ठरवायचे, मंडप कोणाकडून घ्यायचा, पाहुण्या नटांची जेवणे कोणाच्या घरी, हे सगळे माहीत असणारी पिढीच हातून जाते. ऑक्टोबर 2022 च्या भाऊबिजेनंतर पहिला बिनबंधनाचा हंगाम सुरू झाला. गर्दी परतली, हे खरेच. मला काळजी गर्दीची वाटत नाही, संगतीची वाटते.

झाडीपट्टीचे नाटक हे मुळात गाणारे नाटक आहे. नट स्वतः गातो आणि ऑर्गन, तबला, अलीकडे ऑक्टोपॅड घेतलेले वादक रंगमंचापाशी बसून त्याला रात्रभर सांभाळतात. नटाचा सूर थंडीने चढला तर ऑर्गनवाला पट्टी बदलतो, नट वाक्य विसरला तर तबल्याचे चार ठेके त्याला श्वास घ्यायला उसंत देतात, आणि वन्समोअर आला तर पुढच्या प्रवेशाला थोपवून गाणे पुन्हा मुखड्यावर आणले जाते. या हजरजबाबीपणामुळेच तेच नाटक वडशाच्या शेजारी एक आणि आमगावच्या पलीकडे दुसरे होते. खडी गंमतीत तर ढोलकी, तुणतुणे आणि शाहिराची तयारी हाच सगळा खेळ. दंडारीत वाद्यांच्या ठेक्यावर पाय उचलले जातात. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या झाडीबोलीच्या अभ्यासकांनी दंडारीची दखल घेतली, पण या रंगभूमीच्या वादकांवर स्वतंत्रपणे मराठीत फार कमी लिहिले गेले आहे. नटाचे नाव पोस्टरवर येते आणि रात्रभर त्याला धरून ठेवणारा माणूस अंधारात बसतो.

बंधने उठली तेव्हा सर्वांत झपाट्याने कोण उभे राहू शकत होते? ज्याला माणसे कमी लागतात तो. ध्वनिमुद्रित गाण्यांवर नाचणारा ‘डान्स हंगामा’ करोनाच्या आधीपासूनच मंडईत शिरला होता. त्याला तालमी लागत नाहीत, वादकांचा ताफा लागत नाही, पेन ड्राइव्ह आणि मोठे भोंगे असले की भागते. ज्या मंडळाच्या गाठीला पैसे उरले नव्हते त्याने तो मार्ग धरला तर मी त्याला दोष देणार नाही. नाटकाच्या आतही द्वयर्थी विनोद आणि कथेशी संबंध नसलेली नाचगाणी वाढत गेली, ही तक्रार जुनी आहे, आणि ती खरीही आहे. पण टीका करणारे बहुतेक जण संहितेपाशी थांबतात. माझ्या मते खरी पडझड संगीताची आहे. नाच घुसडला तरी तो जिवंत वाद्यांवर होत असेल तर उद्याच्या चांगल्या नाटकासाठी वादक शिल्लक राहतो. त्याची जागा भोंग्याने घेतली की पुढे चांगला लेखक आला तरी त्याचे पद उचलायला कोणी नसेल.

सरकारी मदतीचा विचारही इथे करायला हवा. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये लोककलावंतांना प्रत्येकी 5,000 रुपयांची एकरकमी मदत जाहीर केली. रक्कम तुटपुंजी होती, तरी कोणाची तरी दखल घेतली गेली. पण सालेकसा-आमगावच्या मंडयांत वाजवणारा लांजीकडचा ढोलकीवाला त्या यादीत बसणार कसा? तो राहतो मध्य प्रदेशात. आणि भोपाळच्या संस्कृती खात्याला मराठी नाटकाचा वादक आपला वाटावा, असे आजवर घडलेले मला दिसत नाही. जानेवारी 2023 मध्ये गडचिरोलीचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली. हजारो प्रयोग केलेल्या कलावंताचा तो गौरव ऐन हंगामात आला आणि झाडीपट्टीला त्याचा मनापासून आनंद झाला. अशा गौरवाने नटाची परंपरा दिसू लागते. वादकाची दिसत नाही.

म्हणून माझी मागणी लहान आणि व्यवहारातली आहे. मंडळ कंपनीशी जो करार करते त्यात नटांची नावे, तारीख आणि रक्कम यांच्याबरोबर वाद्ये आणि वादकही लिहून घ्यावेत, आणि गाणी रंगमंचावरच गायली जातील ही अट घालावी. दिवसाच्या मंडईत खडी गंमतीच्या दोन पार्ट्यांना पैसे देऊन बोलावणे हंगाम्यापेक्षा फार महाग पडते असे नाही, फक्त बोलावणाऱ्याला त्यांचे पत्ते ठाऊक असायला हवेत. गोंदिया आणि बालाघाट या दोन जिल्ह्यांच्या कलावंतांची एकच यादी व्हावी आणि ती वडशाच्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत टांगलेली असावी. धान कापायला लागण्याआधी, भादव्यातच, हे काम झाले पाहिजे. तारखा तेव्हाच बांधल्या जातात.