नाव आणि छाप : पनवेलच्या एका व्यापारनामाच्या निमित्ताने

व्यवसायविषयक लेखनात अलीकडे तीन शब्द वारंवार एकत्र येतात : नेतृत्व, ब्रँड आणि नवोन्मेष. मराठीत ह्या विषयावर लिहिणारे बहुतेक लेखक ह्या शब्दांचा उपयोग इंग्रजी कल्पनांचे मुखत्यार म्हणून करतात. व्यापारातील प्रतिष्ठेविषयी मराठी भाषेने स्वतःचा काही विचार करून ठेवला आहे काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात तो प्रश्न पनवेल येथील एका जुन्या व्यापारनामाच्या आधारे तपासावयाचा आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे, की ‘छाप’ आणि ‘नाव’ ह्या मराठीत दोन भिन्न कल्पना आहेत. ‘ब्रँड’ ह्या शब्दात त्या एकमेकींत मिसळून जातात. आणि ह्या मिसळीत व्यवसायाच्या धुरीणांची खरी जबाबदारी दृष्टिआड होते.

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘ब्रँड’ ह्या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ जळते लाकूड असा असून, पुढे तो गुरांच्या अंगावर उमटविलेल्या डागाचा वाचक झाला. मराठीतील ‘छाप’, ‘शिक्का’, ‘मार्का’ हे शब्द ह्याच कुळातले होत. अमुक छाप तेल, तमुक मार्का चहा असे आपण म्हणतो, तेव्हा ती खूण वस्तूवर उमटलेली असते. ‘नाव’ ही गोष्ट निराळी. नाव राखावे लागते, नावाला जागावे लागते, नावाला बट्टा लागतो. ह्या सर्व प्रयोगांत बंधन पडते ते माणसावर, वस्तूवर नव्हे. शिवाय ‘मुलाने बापाचे नाव काढले’ ह्या वाक्यात नाव एकाचे, तर क्रिया दुसऱ्याची आहे. आणि ‘त्यांचे नाव झाले’ हा तर अकर्मक प्रयोग आहे. नाव होते, ते ठरवून करता येत नाही, असाच ह्या रचनेचा अभिप्राय दिसतो.

येथे एक शंका संभवते. ‘नाव कमावणे’ हा सकर्मक प्रयोग मराठीत आहे आणि त्यात नावाचा धनीच कर्ता असतो. ही शंका रास्त आहे. परंतु ‘कमावणे’ हे क्रियापद मराठीत आणखी कोठे येते ते पाहावे. कातडे कमावतात, शरीर कमावतात. दोन्ही ठिकाणी दीर्घ काळ आणि अंगमेहनत गृहीत आहे. आजच्या व्यवस्थापनाच्या मराठीत ‘ब्रँड उभारणे’ असे म्हटले जाते. उभारायची ती गुढी किंवा तंबू. एका सकाळी उभारता येतो आणि संध्याकाळी उतरवताही येतो. ‘कमावणे’ आणि ‘उभारणे’ ह्यांतील अंतर हाच आमच्या विवेचनाचा विषय आहे.

आता पनवेलकडे वळू. १८५२ साली नगरपालिका मिळालेले हे गाव खाडीवरचे बंदर आणि मुंबई-पुणे मार्गावरचे ठाणे म्हणून नांदते होते. ह्या गावी १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी आयुर्वेदीय औषधांचा व्यवसाय सुरू केला, तोच पुढे ‘श्री धूतपापेश्वर’ ह्या नावाने सर्वदूर ज्ञात झाला. वैद्य जोवर स्वतःच्या खलात औषध घोटून स्वतःच्याच रोग्याला देत होता, तोवर औषधाला निराळ्या व्यापारनामाची गरज नव्हती. वैद्याचा चेहरा हेच त्याचे नाव होते. कारखान्याने करणारा आणि देणारा ह्यांची फारकत केली. भावना कोणी दिल्या, पुटे किती दिली, अरिष्टाचे संधान पुरते झाले की नाही, हे दूरच्या गावच्या वैद्याला पाहता येईना. जे डोळ्यांनी पाहायचे, ते आता बाटलीवरच्या शब्दावरून मानून घ्यावे लागले. कार्यस्थळातील बदल म्हणून आज ज्याची चर्चा होते, त्याचा हा एक फार जुना आणि मूलगामी नमुना होय.

त्या शब्दाची घडण लक्षात घेण्याजोगी आहे. धूतपापेश्वर हे राजापूरजवळील धोपेश्वर येथील शिवाचे नाव. ‘धूत’ हे ‘धू’ म्हणजे झटकणे ह्या संस्कृत धातूचे रूप. तेव्हा शब्दाच्या पोटात पाप झटकून टाकल्याची कल्पना आहे. मराठी कानाला मात्र तेथे ‘धुणे’ ऐकू येते, आणि औषधाच्या संदर्भात हा अर्थही शोभून दिसतो. महत्त्वाची गोष्ट ही, की नावाचा आधार धंद्याच्या बाहेर आहे. देवाच्या नावाने जो व्यवहार करतो, तो स्वतःला त्या नावाखाली ठेवतो. ते नाव त्याने निर्माण केलेले नसते आणि ते बदलण्याचा अधिकारही त्याला नसतो. ह्याच्याशेजारी ‘डाबर’ ठेवावा. १८८४ साली कलकत्त्यास सुरू झालेल्या ह्या व्यवसायाच्या नावात ‘डाक्टर बर्मन’ ह्या शब्दांची आद्याक्षरे सांधलेली आहेत. १९५२ सालचा ‘विको’ हाही विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी ह्या नावाचा संक्षेप. असे घडविलेले शब्द धंद्याबाहेर कशाचाही निर्देश करीत नाहीत. त्यांत जो अर्थ यायचा, तो धंद्याच्या वर्तनातूनच यायचा.

परंतु औषधाच्या बाटलीवर कारखान्याच्या नावाखाली दुसरेही एक नाव असते, आणि खरा पेच तेथे आहे. च्यवनप्राश, सूतशेखर, आरोग्यवर्धिनी ही नावे ग्रंथांतून आलेली आहेत : पहिले चरकसंहितेतून, दुसरे योगरत्नाकरातून, तिसरे रसरत्नसमुच्चयातून. त्यांवर कोणाचीही मालकी नाही. १९४० च्या औषधविषयक कायद्यात १९६४ साली जी दुरुस्ती झाली, तिने आयुर्वेदीय औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले. आज ह्या कायद्यात दोन वर्ग आहेत. पहिला वर्ग प्रमाणग्रंथांतील पाठानुसार केलेल्या औषधांचा. दुसरा त्या ग्रंथांतील द्रव्ये घेऊन स्वतःच्या योजनेने केलेल्या स्वामित्वाच्या औषधांचा. भाषेच्या परिभाषेत बोलायचे तर दुसऱ्या वर्गातील औषध म्हणजे कोशातील शब्द घेऊन रचलेले नवे वाक्य. आणि पहिल्या वर्गातील औषध म्हणजे परंपरेने आलेल्या वाक्याचा उच्चार.

नवोन्मेष केवळ दुसऱ्या वर्गात असतो, असा एक समज आहे. तो आम्हांला मान्य नाही. ग्रंथांत पाठभेद आहेत, वनस्पतींच्या नावांविषयी वाद आहेत, मानांचे मेळ बसवावे लागतात. भारत सरकारने १९७८ साली आयुर्वेदीय योगसंग्रहाचा पहिला भाग प्रसिद्ध करून ४४४ योगांचे पाठ निश्चित केले. हे कार्य पाठचिकित्सेच्या जातीचे आहे. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी जे श्रम घेतले, त्यांशी त्याचे नाते जोडता येईल. जुना पाठ यंत्रावर घेताना तो भ्रष्ट होऊ न देणे, हेही नवनिर्मितीइतकेच बुद्धीचे काम आहे. मात्र त्या कामाची जाहिरात करणे कठीण असते, कारण यश आले तर काहीच बदललेले दिसत नाही.

नवी नावे घडविणाऱ्यांचे कर्तृत्व आम्हांला नाकारायचे नाही. ‘लिव्ह-५२’ हे १९५५ सालचे नाव यकृताच्या इंग्रजी नावाचा एक तुकडा आणि एक आकडा ह्यांपासून झाले. संस्कृत शब्दांच्या प्रतिष्ठेचा आधार न घेता ते रूढ झाले, ही प्रामाणिकपणाचीच खूण म्हणावी लागेल. आक्षेप आहे तो तिसऱ्या प्रकारावर : योजना स्वतःची, पण शब्दाचा पेहराव ग्रंथाचा. अशा नावाला परंपरेचा मान हवा असतो, पण पाठाचे बंधन नको असते. येथे छाप नावाचे सोंग घेते.

न्यायालयांनाही हा अर्थनिर्णय टाळता आलेला नाही. विकोची उत्पादने औषधे की प्रसाधने, हा करविषयक वाद सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाला. अशा वादांत एखादी वस्तू लोकव्यवहारात कोणत्या शब्दाने ओळखली जाते, ह्या कसोटीला वजन असते. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याचे नववे कलम चालू भाषेत रूढ झालेल्या चिन्हांची नोंदणी नाकारते; म्हणजे भाषेची सामाईक मालमत्ता कोणा एकाची होऊ नये, हे तत्त्व विधिमंडळाने मानलेले आहे. २०२५ साली दिल्ली उच्च न्यायालयात डाबर आणि पतंजली ह्यांच्यात च्यवनप्राशाच्या जाहिरातीवरून वाद झाला. इतरांच्या च्यवनप्राशाला ‘साधारण’ म्हणता येईल काय, हा त्यातला एक मुद्दा होता. ग्रंथातील नाव सर्वांचे असेल, तर त्यात अधिक-उणे ठरवायचे कशाने? पाठ आणि प्रक्रिया ह्यांनी, असे शास्त्र सांगेल. ठशाने, असे बाजार म्हणेल.

ह्या प्रश्नाला आज निकड आली आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, २०१६ मध्ये पनवेलला महानगरपालिका आली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तालुक्यातील विमानतळाचे उद्‌घाटन झाले. करणारा आणि घेणारा ह्यांच्यातील अंतर १८७२ मध्ये काही गावांचे होते; आज ते खंडांचे आहे. अंतर जितके वाढते तितका शब्दावरचा भार वाढतो. नेतृत्वाची व्याख्या येथूनच करावी लागेल. नवे नाव गाजविणारा तो नेता, ही व्याख्या अपुरी आहे. ज्याला कोणी पाहत नाही अशा संधानाच्या खोलीतही नावाला जागण्याची सवय जो कामगारांना लावतो, आणि तशी सवय राहील इतका वेळ व वेतन त्यांना देतो, त्यालाच मराठी भाषा ‘नाव राखणारा’ म्हणेल.

मराठीतील व्यवस्थापनविषयक लेखनावरचा आमचा मुख्य आक्षेप हाच, की त्याने ‘ब्रँड’ हा शब्द घेताना ‘नाव’ हा शब्द गमावला. शब्द परका आहे म्हणून तो टाकावा, असे आम्ही म्हणत नाही. छापेसाठी तो खुशाल वापरावा. पण छाप पुसली गेली तर वस्तू अनोळखी होते, आणि नाव गेले तर माणूस तोंड दाखवू शकत नाही. ज्या भाषेत हा भेद शिल्लक आहे, तिच्या अभ्यासकांनी तो व्यापाराच्या चर्चेत पुन्हा आणावा. विभागातील विद्यार्थ्यांनी बाटल्यांवरच्या आवरणपत्रांचा अभ्यास संहिता म्हणून करावा. त्या चार ओळींत कोणता शब्द ग्रंथाचा, कोणता धंद्याचा आणि कोणता नुसत्या बतावणीचा, हे वेगळे करता येणे ही आज केवळ भाषाशास्त्राची कसरत राहिलेली नाही. औषध घेणाऱ्या माणसाचे हित तीत गुंतलेले आहे.