फ्यूगचे विश्लेषण आणि स्वररचनेचे शिक्षण : बाखच्या जी मायनर फ्यूगच्या संदर्भात

प्रस्तावना :
पाश्चात्त्य संगीताच्या अध्यापनात फ्यूगचे विश्लेषण अनेकदा खुणा करण्यापुरते उरते. विषय, उत्तर, प्रतिविषय अशी नावे दिली की काम संपले, असे विद्यार्थ्यास वाटते. परंतु रचना तशीच का झाली, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०) याच्या ऑर्गनसाठीच्या जी मायनर फ्यूगच्या (बी.डब्ल्यू.व्ही. ५७८) आधारे या पद्धतीची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रचनेचे स्वरूप :
ही फ्यूग चार आवाजांची असून तिचा विषय साडेचार बारांचा आहे. तो षड्जावरून पंचमावर झेपावतो आणि कोमल गंधारावर उतरतो. आरंभीचे स्वर दीर्घ, तर पुढचे जलद आहेत. या मांडणीतच काउंटरपॉइंटचे बीज आहे. दुसरा आवाज दीर्घ स्वरांनी प्रवेश करतो तेव्हा पहिला जलद स्वरांत धावत असतो. त्यामुळे दोन्ही आवाज स्वतंत्रपणे ऐकू येतात. चौथा आवाज पायपट्टीवर येतो. पुढे विषय बी फ्लॅट मेजरमध्ये उजळतो आणि शेवटच्या स्वरसंघात कोमल गंधाराच्या जागी शुद्ध गंधार येतो.

नियम आणि प्रत्यक्ष :
विषयाच्या आरंभी पंचम ठळक असल्यास उत्तरात त्याच्या जागी षड्ज घ्यावा, असे पाठ्यपुस्तके सांगतात. येथे मात्र बाख संपूर्ण विषय, पंचमालाच षड्ज मानून, जसाच्या तसा उचलतो. नियम पाठ करणारा विद्यार्थी येथे अडखळतो. कानाने ऐकणाऱ्यास मात्र विषयाची झेप अभंग राखण्यामागील औचित्य जाणवते.

मराठी विद्यार्थ्याची भूमिका :
रागसंगीतात षड्ज अचल असतो. दिवाळ्यासारख्या कोळीवाड्यांत मुख्य गायकाची ओळ समूह उचलतो, तेव्हा ती बहुधा त्याच स्वरांवर परतते. 'उत्तर' ही कल्पना या विद्यार्थ्यास म्हणूनच परकी नाही; बदलत्या आधारस्वरावर, एकाच वेळी दोन ओळी ऐकणे हे नवे आहे. ही सवय मुंबईच्या संगीतसृष्टीत रुजविण्यात गोमंतकीय वादक-संयोजकांचा मोठा वाटा आहे. शंकर-जयकिशन यांचे संयोजक सेबास्टियन डिसोझा यांच्या वाद्यवृंदातील प्रतिधुना आणि अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी १९५८ मध्ये उभारलेला इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा ही त्याची उदाहरणे होत.

विश्लेषणाकडून रचनेकडे :
स्वतः बाखही इतरांच्या कृतींतून शिकला. कोरेली व लेग्रेन्झी यांच्या विषयांवर त्याने ऑर्गन फ्यूग रचल्या (बी.डब्ल्यू.व्ही. ५७९ व ५७४). हाच मार्ग आजच्या विद्यार्थ्यासही उपयुक्त ठरतो. बाखचा प्रतिविषय झाकून ठेवावा, त्या जागी स्वतःची ओळ लिहावी, ती गाऊन पाहावी आणि मग मूळ रचनेशी ताडून पाहावी. आपली ओळ कोठे दुबळी पडली, हे त्या क्षणी जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही आकृतीने होत नाही.

समारोप :
एका फ्यूगवरून सर्व फ्यूगांचा साचा काढणे अयोग्य आहे. विश्लेषण हे रचनेच्या निर्णयांपर्यंत पोहोचण्याचे साधन आहे. ते नामकरणापाशी थांबले, तर विद्यार्थी परीक्षा उत्तीर्ण होईल. दोन ओळी एकत्र चालविणे मात्र त्यास साधणार नाही.