स्थानिक बदल आणि अधिकृत दुरुस्ती : डेबियनच्या आवृत्तिक्रमांक-पद्धतीची चिकित्सा

मुक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्या संस्थेला मूळ संहितेत आपल्या गरजेप्रमाणे बदल करण्याचा अधिकार असतो, ही गोष्ट सर्वमान्य आहे. परंतु तो अधिकार बजावल्यानंतर जी जबाबदारी अंगावर येते, तिचा विचार तितक्या आस्थेने होतोच असे नाही. एखाद्या प्रयोगशाळेने लिनक्सवरील एखाद्या पॅकेजात एका ओळीचा जरी बदल केला, तरी त्या क्षणापासून त्या पॅकेजाचे दोन वंश सुरू होतात. एक अधिकृत वितरणाचा, दुसरा त्या प्रयोगशाळेचा. पुढे अधिकृत वंशात एखाद्या सुरक्षादोषाची दुरुस्ती झाली, तर ती दुसऱ्या वंशाला कळावी कशी, हा खरा प्रश्न होय. या प्रश्नाला डेबियन या वितरणात मिळणारे उत्तर कितपत पुरेसे आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

डेबियनचे उत्तर मुख्यतः आवृत्तिक्रमांकावर उभे आहे. या क्रमांकाचा पहिला भाग मूळ कर्त्यांच्या आवृत्तीचा आणि संयोगचिन्हानंतरचा भाग डेबियनच्या स्वतःच्या संस्करणाचा असतो. दोन क्रमांकांपैकी मोठा कोणता, हे ठरविण्याचे नियम अत्यंत काटेकोर आहेत. अंकांची तुलना अंक म्हणून होते, अक्षरांची रोमन वर्णक्रमाने होते, आणि '~' हे चिन्ह सर्वांच्या, रिकाम्या जागेच्याही, आधी येते. स्थापित क्रमांकाहून मोठा क्रमांक भांडारात आढळला, तरच ॲप्ट ही व्यवस्था नवे पॅकेज सुचविते. नियम सुबोध आहे, आणि बदल न केलेल्या पॅकेजांच्या बाबतीत तो उत्तम चालतो.

अडचण बदललेल्या पॅकेजापाशी सुरू होते. समजा, '१.२-३' या पॅकेजात बदल करून संस्थेने त्याला '१.२-३+लोकल१' असा क्रमांक दिला. काही दिवसांनी डेबियन १२ साठी सुरक्षादुरुस्ती प्रसिद्ध झाली. तिचा क्रमांक प्रघातानुसार '१.२-३+डेब१२यू१' असा असतो. रोमन वर्णक्रमात 'डी' हे अक्षर 'एल'च्या आधी येत असल्यामुळे ही दुरुस्ती स्थानिक पॅकेजाहून 'जुनी' ठरते. ॲप्ट ती सुचवीत नाही. कोणताही दोष दाखवीत नाही. सर्व काही अद्ययावत आहे असेच सांगते. दुरुस्ती दाराशी येऊन परत जाते आणि घरच्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. बरे, 'लोकल' ऐवजी '+ए१' असा आधीच्या क्रमाचा प्रत्यय घेतला, तर दुरुस्ती सुखाने येते. पण येताना संस्थेचा बदल पुसून टाकते. पॅकेजावर 'होल्ड'ची खूण करून ठेवली, तर ॲप्ट ते पॅकेज मागे ठेवल्याचे कळविते खरे. तथापि रात्री आपोआप चालणाऱ्या यंत्रावर ती सूचना वाचावयास कोण बसलेले असते?

या तिन्ही मार्गांच्या मुळाशी एकच गृहीत आहे. ते असे की, जे नंतरचे ते आधीच्यास सामावून घेते. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेशी परिचय असलेल्या वाचकास या गृहीतातील उणीव तत्काळ ध्यानी येईल. एखादी पोथी नंतरच्या शकातील आहे एवढ्यावरून ती कोणत्या पोथीवरून उतरली हे ठरत नाही, आणि आधीच्या पोथीतील शुद्ध पाठ तिच्यात असेलच असेही नाही. क्रम आणि वंश या भिन्न गोष्टी होत. आवृत्तिक्रमांक क्रम सांगतो. स्थानिक बदल करणाऱ्यास मात्र वंश कळणे आवश्यक असते.

जेंटू या वितरणाने या बाबतीत वेगळी वाट धरली आहे. तेथे वापरकर्त्याचे बदल पॅकेजात मिसळून न टाकता एका नेमलेल्या ठिकाणी पॅचच्या रूपाने वेगळे ठेवता येतात, आणि अधिकृत संहिता नवी आली की तिच्यावर ते पुन्हा चढविले जातात. पॅच बसला नाही तर बांधणीच थांबते. हे अपयश गैरसोयीचे असले तरी प्रामाणिक आहे. डेबियनच्या उदाहरणातील यश सोयीचे, पण फसवे आहे.

तथापि पॅच बसला म्हणजे तो योग्य आहे, असेही नव्हे. स्वतः डेबियनने ओपनएसएसएल या पॅकेजात २००६ साली केलेला बदल याचा दाखला आहे. तपासणी-साधनाने दिलेल्या इशाऱ्यांचे निवारण करताना यादृच्छिकतेचे बीज घालणारी संहिताच निष्प्रभ झाली. मे २००८ मध्ये हे उघडकीस आले, तोवर एका प्रकारच्या व एका लांबीच्या संभाव्य किल्ल्यांची संख्या सुमारे ३२,७६८ इतकीच उरलेली होती. मधल्या काळात मूळ कर्त्यांच्या नव्या आवृत्त्या येत गेल्या आणि तो बदल त्यांच्यावर बिनतक्रार चढत राहिला. शब्दशः जुळणे निराळे, अर्थतः जुळणे निराळे.

यावरून निष्कर्ष असा निघतो की, अधिकृत दुरुस्त्यांचा मागोवा घेणे हे केवळ क्रमांकांचे काम नाही. बदल मूळ संहितेपासून वेगळा ठेवावा. तो कोणत्या आवृत्तीवर आधारला आहे याची नोंद असावी. आणि त्याचे कारण लिहिलेले असावे. अशा नोंदीचा नमुना डेबियनच्याच डेप-३ या प्रस्तावात आहे. बदलाचे वर्णन, त्याचा उगम, तो मूळ कर्त्यांकडे पाठविला की नाही आणि नोंद शेवटी केव्हा सुधारली, यांची स्थाने त्यात आखून दिली आहेत. क्रमांकाच्या नियमांत जो काटेकोरपणा दिसतो, त्याचा अंश जरी या नोंदीच्या वाट्यास आला, तरी पुष्कळ साधेल. मूळ कर्त्यांनी बदल स्वीकारला तर दोन वंश पुन्हा एक होतात, आणि मागोवा घेण्याचे ओझेच उतरते. तोवर मात्र ज्याने बदल केला त्यानेच प्रत्येक अधिकृत दुरुस्ती वाचणे प्राप्त आहे. यंत्र हे वाचन त्याच्या वतीने करीत नाही.